उस्तादांचा अडकित्ता

"लाठी कमरंखाली बसती," मामा म्हणाले. "डोस्क्याला लागायचं न्हाई. ध्यानात ठेवा."

मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात आम्ही बायका मांडी घालून बसलो होतो आणि समोर माझे सासरे, मी त्यांना मामाच म्हणते, कपडे वाळत घालायची काठी घेऊन उभे होते. शेजारी ज्वारीचं पोतं उभं केलेलं. त्याच्या मधोमध त्यांनी माझ्याच एका जुन्या पातळाची पट्टी बांधली होती. ती कंबर.

त्यांनी डावा पाय पुढे टाकला आणि पट्टीच्या खाली एक फटका दिला. देवळातली कबुतरं उडाली.

"बघितलं? काठी खांद्याच्या वर गेली न्हाई. गेली तर पोलीस चुकला. आन् माझी पोरं चुकत न्हाईत."

"पन उस्ताद," गोजराबाईनं मागून विचारलं, "पट्टीच्या खाली लागत न्हाई व्हय?"

बायका हसल्या. मामा हसले नाहीत.

"लागतं," ते म्हणाले. "पन नियमानं लागतं."

मामांचं नाव बाबूराव खिलारे. त्यांची सगळी नोकरी पोलीस प्रशिक्षण शाळेत नव्या शिपायांना कवायत आणि लाठी शिकवण्यात गेली. तिथे कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून गावही त्यांना उस्तादच म्हणायचं. निवृत्त होताना त्यांनी वर्दी परत केली, हुकूम मात्र घरी घेऊन आले. दूध उतू जायला लागलं की ते ओट्याकडे बघून "थम!" म्हणायचे. दूध ऐकायचं नाही, मी ऐकायचे. जेवणं झाली की "विसर्जन." लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे थट्टेनं चाललंय. महिन्याभरात कळलं की या घरात थट्टा करायचं काम माझ्याकडे आहे, आणि तेही मनातल्या मनात.

रागही तसाच जोरदार. पेपर उशिरा आला, शेजाऱ्याची शेळी अंगणात शिरली, वरणाला फोडणी जळकी बसली, कशानेही तो यायचा. त्यावर मला एकच उपाय सापडला होता. मी त्यांच्यापुढे सुपारी आणि पितळी अडकित्ता ठेवायचे. सुपारी कातरायला बसले की ते गप्प. कातरताना ओरडलं तर बोट जातं, हे त्यांना पटलेलं होतं. त्यामुळे आमच्याकडची सुपारी इतकी बारीक असायची की लग्नघरातून मागणी यायची. लोक म्हणायचे, "मालन म्हणजे शांत सून. उस्तादांच्या घरात दुसरी टिकली नसती." खरं सांगायचं तर माझ्या शांतपणात साधना वगैरे काही नव्हती. एका घरात दोघांनी ओरडायचं म्हटलं की जागा पुरत नाही, एवढंच.

आता देवळात हा वर्ग कशासाठी, ते सांगते. आमच्या तालुक्याच्या गावातला सरकारी बाळंतपणाचा विभाग घाटापलीकडे जिल्ह्याच्या ठिकाणी हलवायचा हुकूम निघाला होता. त्याआधी वर्षभर तिथे डॉक्टर नव्हतेच. माझी नणंद रतन त्याच वर्षी घाटात, भाड्याच्या जीपमध्ये बाळंत झाली. बाळ राहिलं नाही. रतन आमच्याकडेच होती. दिवसभर दाराशी बसायची, विचारलं तर बोलायची. मामा तिच्याशी हुकमाच्या आवाजात बोलायचे नाहीत. त्या घरात तिला एकटीलाच ही सवलत होती.

रूथ सिस्टर त्याच विभागात नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मिरजेला मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या, पांढरी साडी कधी सोडली नाही. अर्ध्या तालुक्याची नाळ त्यांनीच कापलेली. त्यांनी ठरवलं, तहसील कचेरीसमोर बायकांनी धरणं धरायचं. हुकूम मागे घेतला जाईपर्यंत उठायचं नाही, आणि कोणी काही केलं तरी हात उचलायचा नाही.

"एक हात उचलला गेला," त्या म्हणायच्या, "की सगळं त्या एका हाताबद्दल होतं. मग बाळंतपणाबद्दल कोणी बोलत नाही."

मामांनाही बसायचं होतं. रतनचा बाप म्हणून त्यांचा हक्क होता. सिस्टर आमच्या घरी आल्या, चहा घेतला आणि मामांसमोरच मला म्हणाल्या, "उस्ताद आले तर मला आवडेल. पण यांचा राग मी ओळखते. मालन, तू यांच्या शेजारी बसणार असशील तरच. यांना शांत ठेवणं तुझ्याकडे."

"मला काय पोर समजता व्हय सिस्टर?" मामा कडाडले.

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मी उठून अडकित्ता आणून दिला. लाठी आलीच तर हात न उचलता कसं बसायचं, हे बायकांना देवळात शिकवायचं काम मात्र मामांनी स्वतःकडे घेतलं.

धरण्याला जाताना सिस्टरनी प्रत्येकीची पिशवी तपासली. काठी नाही, छत्री नाही, खलबत्त्याचा दांडा नाही. गोजराबाईचा भाकरीच्या डब्यातला चमचासुद्धा त्यांनी परत पाठवला. माझ्या पिशवीत सुपारीची पुरचुंडी आणि अडकित्ता होता. त्यांनी बघितला, चिमूटभर कातरलेली सुपारी तोंडात टाकली आणि पुढे गेल्या. अडकित्ता हा पानसुपारीच्या ताटातला. त्याच्याकडे कोण कशाला वेगळ्या नजरेनं बघेल?

पहिले दोन दिवस छान गेले. लिंबाखाली बसायचं, ओव्या म्हणायच्या, कचेरीतल्या कारकुनांनी खिडकीतून बघायचं. मामा माझ्या डाव्या हाताला बसून सुपारी कातरत होते. तहसीलदार दुपारी चहाला जाताना आमच्याकडे बघून हात जोडायचे. तिसऱ्या दिवशी ते मागच्या दारानं गेले, तेव्हा गोजराबाई म्हणाली, "आज कायतरी हाय."

त्या दिवशी त्या रस्त्यानं मंत्र्यांची गाडी जायची होती. सकाळीच जिल्ह्याहून पोलिसांची गाडी आली आणि तिच्यातून तुकडी उतरली. मामांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, पाहुणे आले.

"मालन, माझी पोरं गं ही. तो बघ उंचेला, सर्जेराव. लाठीत पहिला आलता."

सर्जेरावानंही त्यांना बघितलं. फौजदारसाहेब पाठमोरे आहेत हे पाहून तो चटकन आला आणि वाकून मामांच्या पायाला हात लावला.

"उस्ताद, तुमी हितं कुटं? उठा. तिकडं टपरीत जाऊन बसा. सायेब नवीन हायेत, त्यांचं काय खरं न्हाई."

"आमी बसलोय," मामा म्हणाले. "आमचं काम बसायचं. तुमी तुमचं काम करा. पन नियमानं."

"हो उस्ताद," असं म्हणून तो रांगेत गेला. जाताना त्यानं सिस्टरनाही हात जोडले. सिस्टरनी विचारलं, "धाकटी चालायला लागली का रे?" तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही.

फौजदारांनी कर्ण्यातून सांगितलं की जमाव बेकायदेशीर आहे आणि रस्ता मोकळा करावा. आम्ही रस्त्यात नव्हतोच, लिंबाखाली होतो. सिस्टरनी तसं बसल्याजागी सांगितलंही. मग फौजदारांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि हात खाली टाकला.

मी तोवर लाठीमार पेपरातच वाचला होता. प्रत्यक्षात पहिल्यांदा आवाज येतो. चादर झटकल्यासारखा, जाड. मग ओरडणं. डावीकडच्या टोकाच्या बायकांवर लाठ्या पडत होत्या आणि त्या शिकवल्याप्रमाणे हातात हात अडकवून, मान गुडघ्यात घालून बसल्या होत्या. मी मामांचं मनगट धरलं, कारण ते माझं काम होतं.

मामा शांत होते. मान थोडी तिरकी करून बघत होते.

"डावा पाय पुढं," ते पुटपुटले. "बरोबर. त्या तिसऱ्याचं मनगट ढिलं हाय. बाकी बरोबर."

त्यांचा राग आवरायला म्हणून मला तिथे बसवलं होतं आणि त्यांना राग येतच नव्हता. मला येत होता. पण माझ्या रागाची सोय कोणी केली नव्हती, पिशवीत अडकित्ता एकच होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून सिस्टर उठल्या. त्यांनी हात जोडले होते. मार खायला त्या तयारच होत्या, पण डावीकडे एक गरोदर बाई होती, तिला बाहेर काढू द्या, एवढंच त्या म्हणत होत्या. त्यांच्यासमोर सर्जेराव होता. त्याची लाठी वर गेली. खांद्याच्या वर गेली. सिस्टरच्या डोक्यावर बसली आणि पांढऱ्या साडीवर रक्त आलं. त्या हात जोडलेल्याच खाली बसल्या.

"थम!"

तो आवाज मी इतकी वर्षं रोज ऐकत होते आणि तरीही मी दचकले. मामा उभे होते. हातात अडकित्ता होता, धोतरावर सुपारीचा चुरा. आणि तुकडी थांबली होती. लाठ्या हवेत होत्या तिथेच राहिल्या. टपरीवाल्यानंही चहा ओतता ओतता किटली सरळ केली.

"सावधान!"

टाचा जुळल्या. मामा रांगेपुढून चालत गेले, शाळेच्या मैदानावर चालावं तसे.

"लाठी कुटं गेली तुझी? कुटं गेली? खांद्याच्या वर? हे शिकवलं मी?" ते सर्जेरावासमोर उभे राहिले. "तू पहिला आलतास ना रं? म्हातारीच्या डोस्क्यात मारायला पहिला आलतास?"

सर्जेराव समोर बघत ताठ उभा होता. त्याचे डोळे भरले होते. डोळे पुसायचा हुकूम नव्हता.

"हा माणूस कोण आहे?" फौजदार ओरडले.

"उस्ताद आहेत, सर," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"कुणाचे?"

रांगेतल्या टाचा जुळलेल्याच होत्या.

आता मी जे सांगणार आहे ते गावात कोणी नीट सांगत नाही. गावात गोष्ट इथेच संपवतात. उस्तादांनी नुसत्या आवाजावर लाठीमार थांबवला, असं म्हणतात. पानाच्या टपरीवर अजून म्हणतात. पुढचं असं झालं. मामा वळले, फौजदारांसमोर टाच जुळवून उभे राहिले आणि सलाम ठोकला.

"सायेब, तुकडीची लाठी वर जात होती. दुरुस्ती केली हाय. आता चालू करा."

आणि माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसले.

फौजदारांनी घड्याळ बघितलं. मग त्यांनी पुन्हा हात खाली टाकला आणि लाठीमार पुन्हा सुरू झाला. या वेळी एकही लाठी खांद्याच्या वर गेली नाही. दुसरी रांग आमची होती. माझ्या मांडीवर एक बसली, नंतर तिथेच दुसरी. मांडीवर जाळ उठला. मी ओरडले नाही. पुरचुंडी सुटून सुपारी मातीत सांडली होती, ती मी वेचत बसले. पोरं मामांना वगळून पुढे जायला लागली तेव्हा मामा म्हणाले, "रांग सोडू नका. सगळ्यास्नी सारखं." मग सर्जेरावानं त्यांच्याही मांडीवर एक मारली.

"बरोबर," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'सशस्त्र जमावाला पोलिसांनी संयमाने पांगवले.' सशस्त्र कसा, ते संध्याकाळी कळलं. पंचनाम्यात धारदार हत्यार म्हणून एक पितळी अडकित्ता लिहिला होता. मामांवर गुन्हा दाखल झाला. सगळं त्या एका हाताबद्दल झालं. मामांना राग यावा म्हणून मी वाट बघत होते, पण ते फक्त म्हणाले, "पंचनामा नियमानं झालाय. वस्तू धारदार हाय."

विभागाचं म्हणाल तर हुकूम रद्द झाला नाही, त्याला स्थगिती मिळाली. सिस्टरच्या डोक्याला टाके घालायला त्याच इमारतीत डॉक्टर पाठवावा लागला आणि पाठवलेला डॉक्टर परत बोलवायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ती स्थगिती अजून चालू आहे. माझे दोन्ही मुलगे त्या स्थगितीतच जन्मले.

सिस्टर खाटेवर पडून मला म्हणाल्या, "तू होतीस म्हणून निभावलं, मालन. किती शांत राहिलीस." गोजराबाईही तेच म्हणाली. आमचे यजमान कारखान्यातून रजा घेऊन आले, तेही म्हणाले. मी सगळ्यांना चहा दिला. कोणी नसताना मी पातळ वर करून मांडी बघायचे. आधी काळी होती, मग जांभळी झाली, मग हिरवट. बसताना अजून कळ यायची.

पंधरवड्यानंतर सर्जेराव आमच्या दारात उभा राहिला. साध्या कपड्यात, हातात नारळ.

"सिस्टरकडं गेलतो," तो म्हणाला. "त्यांनी चहा पाजला. माझी धाकटी त्यांच्याच हातची. म्हनल्या, उस्तादांना भेटून जा."

मामांनी त्याला आत घेतलं नाही आणि घालवलंही नाही. ते अंगणात गेले, कपडे वाळत घालायची काठी काढली, ज्वारीचं पोतं उभं केलं. पट्टी अजून त्याला बांधलेलीच होती.

"घे. दाव मला काय चुकलं ते."

सर्जेरावानं काठी घेतली. फटका दिला. मामा म्हणाले, "पुन्हा." त्यानं पुन्हा दिला. "मनगट." पुन्हा. दाराशी रतन बसली होती, ती दर फटक्याला डोळे मिटत होती. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा सर्जेराव घामानं भिजला होता आणि मामा खुशीत होते. पंधरा दिवसांत मी त्यांना खुशीत बघितलं नव्हतं.

"बघ मालन, आता कशी बसतीया. आशी बसली आसती त्या दिवशी, तर कायसुद्धा झालं नसतं."

मी कपबश्या ओसरीवर ठेवल्या. पोतं धरलं आणि ओढत भिंतीकडे नेऊन टाकलं. ते ज्वारीचं पोतं मी एरवी एकटीनं हलवू शकत नाही. मग त्याच्या जागी जाऊन बसले, हात गुडघ्याभोवती, देवळात शिकवलं होतं तशी.

"काय करतीस?" मामांनी विचारलं.

"पोत्यावर कळत नाही, मामा," मी म्हणाले. आवाज माझा नेहमीचाच होता, सुपारी देऊ का विचारते तसा. "माणसावर बघा. मारू द्या त्याला. कमरेखालीच मारेल ना?"

"वैनी, उठा," सर्जेराव म्हणाला.

"तुला हुकूम उस्तादांचा. माझा नाही. मामा, द्या हुकूम. मी हलणार नाही, ओरडणार नाही. मला येतं ते."

मामांनी तोंड उघडलं. हुकूम द्यायच्या आधी ते छाती भरून श्वास घ्यायचे, तसा घेतला. रतनचे डोळे उघडे होते आणि ती बापाकडे बघत होती. मीही बघत होते. त्यांनी घेतलेला श्वास तसाच बराच वेळ आत राहिला.

"विसर्जन," ते शेवटी म्हणाले. हुकमाच्या आवाजात नव्हे. मला कसंबसं ऐकू आलं.

सर्जेरावानं काठी भिंतीला टेकवली, चहा न घेता गेला. मामा ओसरीवर जाऊन बसले. सवयीनं त्यांनी हात पुढे केला आणि मी आतून सुपारी आणून दिली. अडकित्ता पोलीस ठाण्यात मुद्देमालात जमा होता. ते अख्खी सुपारी तळहातावर घेऊन तशीच फिरवत बसले. कातरायला काही नव्हतं आणि ओरडायलाही काही नव्हतं. मी कपबश्या उचलून आत निघाले. उंबऱ्यावर पाय उचलताना कळ आली, म्हणून दाराची चौकट धरली. मामांनी ते बघितलं.

"मालन," ते म्हणाले. "लागलं हुतं का गं तुला?"

"हो," मी म्हणाले. "फार लागलं होतं, मामा."

आणि मग कपबश्या हातात घेऊन, उंबऱ्यातच बसून, मी मोठमोठ्यानं रडले.